पोळी तुटली म्हणून नव्हे

संध्याकाळी सात वाजता वाढताना पोळी मधोमध तुटते. नऊ वर्षांचा मुलगा ताट भिरकावून देतो, किंचाळतो, भिंतीवर डोकं आपटायला लागतो. घरातले चक्रावतात: एवढ्याशा पोळीसाठी? आजीच्या मते दृष्ट लागली, शेजाऱ्यांच्या मते लाडावलाय, आणि एखादा काका ‘दोन ठेवून द्या, होईल सरळ’ असं सांगून मोकळा होतो. सगळ्यांचं लक्ष पोळीवर असतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मुलगा ऑटिस्टिक आहे, आणि साचलेला भार असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटण्याच्या या अवस्थेला ‘मेल्टडाउन’ म्हणतात.

घरातला एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला आपोआप पडणारा खटका, आठवा. गीझर चालू, एसी चालू, इस्त्री चालू, आणि कुणीतरी मिक्सरचं बटण दाबतं. खटकन वीज जाते. मिक्सरमध्ये काही बिघाड नसतो, तो फक्त शेवटचा असतो. एमसीबीच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. भार जास्त झाला की ती तापते, वाकते आणि खटका पडतो. लगेच खटका वर ढकलला तर टिकत नाही, कारण पट्टी अजून गरम असते आणि गीझरही चालूच असतो. मेल्टडाउनला सर्रास प्रेशर कुकरची उपमा देतात, ती मला अपुरी वाटते. शिट्टी झाली की कुकरचा दाब उतरतो आणि स्वयंपाक पुढे चालू राहतो. इथे पुढे काही चालू राहत नाही. घरातली वीजच गेलेली असते.

आता त्या मुलाचा दिवस मागे जाऊन बघू. सकाळी व्हॅनमधली नेहमीची खिडकीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. वर्गातल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. बहुतेकांना ते कळतही नाही, काहींना दिवसभर टोचतं. खेळाचा तास अचानक रद्द झाला. डब्यात भाजीचा रस पोळीला लागला होता म्हणून डबा तसाच परत आला. स्वच्छतागृहातल्या फिनेलच्या वासामुळे दुपारपर्यंत लघवी दाबून ठेवली. मोज्याची शिवण बोटांवर घासत होती. आणि हे सगळं होत असताना तो ‘अगदी शहाण्यासारखा’ बसला होता, असं बाई सांगतात. तो शहाणपणा सर्वांत जास्त वीज खाणारा. हात हलवायचे नाहीत, डोळ्याला डोळा द्यायचा, सगळे हसले की हसायचं, हे सहा तास जाणीवपूर्वक करत राहणं म्हणजे दिवसभर गीझर चालू ठेवणं. म्हणून स्फोट शाळेत न होता घरी होतो. पालकांना वाटतं आपणच कुठेतरी चुकतोय, शिक्षकांना वाटतं घरचं वळण नाही. प्रत्यक्षात खटका तिथे पडतो, जिथे तो पडला तरी चालेल असं शरीराला वाटतं.

ऑटिझमसाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत रुळलाय, पण या बाबतीत तो उलटी दिशा दाखवतो. माणूस स्वतःत मग्न नसतो. बाहेरचं जग न गाळता आत घुसत असतं. आवाज, स्पर्श, प्रकाश यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद ही गोष्ट ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत आली. ऑटिस्टिक माणसं त्याआधीही हेच सांगत होती.

आतून ते कसं असतं? ज्यांना नंतर सांगता येतं, त्यांच्या सांगण्यातून बरंच जुळतं. आधी आवाजांमधलं अंतर नाहीसं होतं. पंख्याची घरघर, शेजारच्या घरातली मालिका, आईची हाक, चमचा ठेवल्याचा खणका, सगळं एकाच पातळीवर, एकाच जागेवरून येतं. मग भाषा जाते. समोरचा बोलतोय हे कळतं, शब्द ओळखीचेही वाटतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. प्रत्येक वाक्य म्हणजे आणखी एक आवाज. स्वतःचे शब्द तर त्याआधीच अडकलेले असतात. अंगावरचा कपडा नकोसा होतो, कातडी एक नंबर लहान झाल्यासारखी वाटते, छाती धडधडते, कान तापतात. वेळेचं भान सुटतं. पाच मिनिटं झाली की तासभर, हे सांगता येत नाही. काहीजण म्हणतात, आपण काय करतोय ते दिसत असतं, थांबवायचंही असतं, पण ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही. काहींना त्यातलं नंतर अर्धंमुर्धंच आठवतं.

डोकं आपटणं किंवा हात चावणं बघणाऱ्याला सर्वांत भयानक वाटतं. अनेकांच्या बाबतीत त्यामागे एक कारण असतं: शंभर अस्पष्ट संवेदनांच्या गोंधळात एक जोरदार, ठाम, आपण स्वतः निर्माण केलेली संवेदना इतरांना झाकून टाकते. दाढ दुखताना आपण मूठ आवळतो, त्याच जातीचं हे काम, फक्त कितीतरी पटींनी मोठं.

अमेरिकेतल्या ३२ ऑटिस्टिक प्रौढांना मेल्टडाउन आतून कसा असतो हे विचारणारा एक अभ्यास ‘ऑटिझम’ या नियतकालिकात २०२३मध्ये आला. माहिती, संवेदना, माणसं आणि भावना यांचा एकत्र भार; राग, दुःख, भीती यांची टोकं; विचार आणि आठवण हातातून निसटणं; स्वतःवर ताबा ठेवण्याची धडपड; आणि इतरांना त्रास नको म्हणून आधीच दूर निघून जाणं, हे त्यात पुन्हा पुन्हा आलं. काहींनी त्यातून मोकळं होण्याबद्दलही सांगितलं. म्हणजे बघणाऱ्याला फक्त राग दिसतो, तेव्हा आत बहुतेकदा भीतीही असते.

सगळ्यांचा खटका आवाज करून पडतोच असं नाही. काहीजण गप्प होतात, जागच्या जागी थिजतात, पांघरुणात शिरतात, हाकेला ओ देत नाहीत. हा शटडाउन. भार तोच असतो, पण कुणाला त्रास होत नसल्यामुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही. मुलींमध्ये आणि बायकांमध्ये ‘शांत स्वभाव’ म्हणून तो वर्षानुवर्षं खपून जातो.

हट्ट आणि मेल्टडाउन यातला फरक सांगताना लोक फार ठाम असतात. ढोबळ खुणा आहेत: हट्ट करणारं मूल मधूनच कोण बघतंय ते पाहतं, पडताना स्वतःला लागू देत नाही, आणि हवी ती वस्तू मिळाली की डोळे पुसतं. मेल्टडाउनमध्ये प्रेक्षक असो-नसो फरक पडत नाही, आणि ‘घे बाबा, ही घे अख्खी पोळी’ म्हटल्यानेही काही थांबत नाही. पण खऱ्या घरात दोन्हींची सरमिसळ होते. मोबाइलसाठी सुरू झालेला साधा हट्ट आरडाओरडा, ओढाताण आणि धमक्या यांच्या भारानेच दहा मिनिटांत मेल्टडाउनमध्ये जातो. तिथून पुढे ‘माघार घेतली तर सवय लागेल’ हा हिशोब गैरलागू. शिकण्यासाठी लागणारं भान त्या क्षणी जागेवरच नसतं. चांगल्या वागण्याला स्टार देणारा तक्ता आणि शिक्षा दोन्ही यावर का चालत नाहीत, त्याचं कारण हेच: बक्षीस लागू पडतं ते ठरवून करायच्या गोष्टींना.

पडण्याआधी पट्टी तापते, आणि ते तापणं दिसतं. प्रत्येकाची खूण वेगळी, पण प्रत्येकाची ठरलेली. गुणगुणणं अचानक बंद होतं. हात फडफडवणं वाढतं किंवा पार थांबतं. कॉलर ओढणं, कानावर हात, आवाजाची पट्टी वर जाणं, उत्तरं एका शब्दावर येणं. सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारी खूण म्हणजे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा: ‘आपण घरी कधी जायचं?’ ‘सांगितलं ना पाच वेळा’ हे त्याचं उत्तर नव्हे. तो माहिती मागतच नसतो. ‘आठ वाजता. आपण आता बाहेर बसू’ असं म्हणून उठायचं, आठ वाजायची वाट बघायची नाही. या टप्प्यावर हातात कधी वीस मिनिटं असतात, कधी दोनच. काढता येईल तो भार काढायचा: टीव्ही बंद, मोजे काढा, पाणी द्या, लघवीला नेऊन आणा, प्रश्न विचारणं थांबवा. एरवी नेहमीचं वाटणारं ‘काय झालं? सांग ना, काय झालं?’ इथे पेट्रोल ठरतं. स्वतःच्या शरीरात आणि मनात काय चाललंय हे ओळखून त्याला नाव देणं ऑटिस्टिक माणसांपैकी साधारण निम्म्यांना अवघड जातं. उत्तर त्यांच्याकडेच नसतं, तर ते देणार काय?

आणि खटका पडलाच, तर? एकच माणूस जवळ राहील, बाकीचे खोलीबाहेर. आजोबांचा मान, पाहुण्यांचा संकोच, सगळं नंतर. घड्याळ बघून ठेवा. तुमचंही वेळेचं भान सुटलेलं असतं आणि पुढे नोंदीला तो आकडा लागतो. दिवा, टीव्ही, मिक्सर, कुकरखालचा गॅस बंद. पंखा बंद करण्याआधी विचार करा: काहींना त्याच्या एकसुरी आवाजाचा आधार असतो. समोर छाती काढून उभं राहू नका. थोडं तिरकं, दोन हात अंतरावर, शक्यतो खाली बसून. आणि दारात तर मुळीच नाही, बाहेर पडायची वाट अडली की घाबरलेलं शरीर तुमच्यावरून जायला बघतं. डोळ्यांत बघू नका. बोलायचंच असेल तर तीन-चार शब्दांचं वाक्य, सपाट आवाजात: ‘मी इथे आहे.’ मग निदान दहा सेकंद गप्प. प्रतिसाद आला नाही म्हणून तेच वेगळ्या शब्दांत सांगू नका. तुमच्या दृष्टीने ते समजावणं, त्याच्या दृष्टीने नवं कोडं. पर्यायही नकोत: ‘खोलीत जायचं की गॅलरीत?’ यातही निवड करावी लागते.

स्पर्शाबाबत ठरवून टाकायचं ते शांत दिवशी. काहींना घट्ट, स्थिर दाब हवा असतो. त्यांच्यासाठी जाड गोधडी बाजूला ठेवा, ती त्यांनीच ओढून घ्यावी. काहींना पाठीवरून मायेने फिरवलेला हात चटक्यासारखा लागतो. हलकं कुरवाळणं बहुतेकांना नकोच. डोकं आपटत असेल तर डोकं धरू नका; डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी किंवा घडी घातलेली गोधडी सरकवा. फुटणाऱ्या वस्तू हळूच काढा, माणसाला हलवण्यापेक्षा आसपास हलवणं सोपं. रस्त्यावर गाड्यांच्या दिशेने धावणं, गच्चीचा कठडा असं काही असेल तर धरावंच लागतं, पण तेवढ्याच क्षणापुरतं. पालथं पाडून पाठीवर बसणं, छाती दाबून धरणं कधीच नाही; त्याने श्वास कोंडून माणसं गेलेली आहेत. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅकडॉनेल यांनी मांडलेल्या ‘लो अराउझल’ पद्धतीचा गाभाही असाच आहे: समोरच्याला आवरण्याआधी स्वतःचा आवाज, हालचाल आणि मागण्या खाली आणा.

मॉलमध्ये किंवा लग्नाच्या हॉलमध्ये हे घडताना तुम्ही फक्त बघणारे असाल, तर उपयोगाची कामं दोनच: पाठ करून उभं राहून इतरांची नजर अडवणं, आणि चित्रीकरण करणाऱ्याचा मोबाइल खाली करायला लावणं. सल्ला नको, चॉकलेटही नको.

गणपतीचे दिवस म्हणजे या सगळ्या भारांचं संमेलन. लोक फक्त ढोलाचा विचार करतात. खरं तर पहिला धक्का आवाजाआधीच बसतो: मखरासाठी रात्रीत सोफा हलवलेला असतो, बैठकीची खोली ओळखू येत नाही, दाराशी वीस जोडी चपला. मखर तीन दिवस आधीपासून, मुलासमोर, थोडंथोडं उभं करा. सोफा कुठे जाणार ते आधी दाखवा. नवा कुर्ता दोन-तीनदा धुऊन मऊ करा, मागचं लेबल शिवणीसकट उसवा, कापून ठेवलं तर टोक टोचतं. उदबत्ती-धूप एका वेळी एकच. जेवण नैवेद्यामुळे दीडला जाणार असेल तर त्याचं ताट साडेबाराला वेगळं वाढा. बाप्पा रागावत नाही. ‘ओळखलंस का मला? पाया पड बघू’ हे प्रश्न दारातच थांबवायला घरातला एखादा खमका माणूस नेमा. आरतीत टाळ आणि झांजा यांचा टोकदार, अनियमित आवाज ढोलापेक्षाही अनेकांना जास्त लागतो. त्या दहा मिनिटांत आतल्या खोलीत बसायची मुभा द्या, प्रसादाला बोलवा.

मिरवणुकीसाठी कानावर घालायचे इअरमफ घेताना दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, पाकिटावर लिहिलेले २० ते २५ डेसिबल हे प्रयोगशाळेतले, नीट बसवलेले असतानाचे. चष्म्याच्या काडीमुळे किंवा केसांमुळे फट राहिली की त्यातले बरेच जातात. दोन, ते उंच पट्टीचा आवाज चांगला अडवतात आणि डॉल्बीचा खालचा ठोका कमी. तो ठोका छातीतून आणि जमिनीतून येतोच. त्याला उपाय अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर तेवढाही नाही. पुण्यात विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते; लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहत असाल तर त्या दोन रात्री दुसऱ्या भागातल्या मावशीकडे काढणं हा सर्वांत स्वस्त उपाय. इअरमफ ऐन वेळी डोक्यावर चढवू नका, तो स्वतःच एक नवा स्पर्श असतो. दोन-तीन आठवडे आधी, आवडतं काम करताना, पाच-पाच मिनिटांपासून सवय लावा. शांत घरात दिवसभर मात्र घालू देऊ नका; कायम झाकलेला कान साध्या आवाजालाही जास्त बिचकायला लागतो.

नियम सांगायचा तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत. ढोल-ताशा पथकाजवळ प्रत्यक्षात किती असतं ते मोबाइलवरच्या ॲपवरही दिसेल.

खटका पडून गेल्यावर पट्टी थंड व्हायला वेळ लागतो. रडणं थांबलं म्हणजे संपलं असं नाही. पुढचा तासभर, कधी पूर्ण संध्याकाळ, अगदी थोड्या भाराने पुन्हा पडतो. घरोघरी होणारी चूक इथली: मूल शांत झालंय असं बघून ‘आता आजीला सॉरी म्हण’. लगेच दुसरा. थंड पाणी, अंधूक प्रकाश, कुरकुरीत किंवा नेहमीचं खाणं जवळ ठेवून द्यायचं, विचारायचं नाही. झोप लागली तर गृहपाठासाठी उठवू नका. तापातून उठल्यासारखा थकवा असतो, आणि ज्यांना कळतं त्यांना लाजही प्रचंड वाटते. बोलायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेही ‘असं का केलंस’ नव्हे, ‘काय जास्त झालं होतं?’ न बोलणाऱ्या मुलांसमोर कान, पोट, कपडे, गर्दी यांची चित्रं ठेवा.

नोंदवही ठेवा, पण पाच मिनिटांची नको, मागच्या चोवीस तासांची. तारीख, सुरू-बंद वेळ, आदल्या रात्रीची झोप, शौचास झालं का, काय खाल्लं, कुठला बेत बदलला, किती वेळ गर्दीत होता. ‘कारण: पोळी तुटली’ एवढंच लिहिलेली वही महिनाभर भरली तरी काही सांगत नाही. दहा-पंधरा नोंदींनंतर सोमवार, बद्धकोष्ठ किंवा पाळीच्या आधीचे चार दिवस असं काहीतरी वर येतं.

काही आठवड्यांत प्रमाण एकदम वाढलं तर वागणुकीचा विचार नंतर, आधी दात, कान, पोट आणि झोप तपासून घ्या. दुखणं सांगता न येणाऱ्या मुलाची दाढ अशीच बोलते. ऑटिझमसोबत अपस्माराचं (फिट येण्याचं) प्रमाणही जास्त असतं. नजर रिकामी होऊन हाक न पोहोचणं, लयीत झटके, ओठ निळे पडणं हा मेल्टडाउन नव्हे. झटके पाच मिनिटांपुढे गेले तर थेट रुग्णालय. डोक्याला मार बसल्यावर उलटी किंवा गुंगी आली तरीही. रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल ही औषधं तीव्र चिडचिडीसाठी दिली जातात, पण वजन वाढण्यासारखे परिणाम असतात. ती तज्ज्ञाने बघून सुरू करायची आणि त्यांनीच बंद करायची. जड ब्लँकेटबद्दल बरंच ऐकायला मिळतं. २०१४च्या एका चाचणीत ऑटिस्टिक मुलांची झोप त्याने सुधारली नाही, तरी मुलांना ते आवडलं. घेतलंच तर ते स्वतः बाजूला सारता येईल इतकं हलकं हवं.

शाळेशी बोलताना दोन कायदे हाताशी असू द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. मागायचं ते छोटं आणि मोजता येईल असं: दाराजवळचा बाक, आणि एक रंगीत कार्ड, जे बाकावर ठेवलं की न विचारता पाच मिनिटं बाहेर जाता येईल. कार्ड दाखवल्यावर ‘आत्ता नाही, धडा संपू दे’ असं एकदा जरी झालं, तरी मूल ते पुन्हा वापरत नाही.

मोठ्या माणसांसाठी हेच कार्ड मोबाइलवर. ऑफिसात, लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत शब्द गेले की दाखवायला: ‘मला आत्ता बोलता येत नाही. मला इजा झालेली नाही. १५ मिनिटं शांत जागा हवी. हात लावू नका. या नंबरवर फोन करा.’ मराठी आणि हिंदी दोन्हींत, अक्षर मोठं. आणि ते गॅलरीत जपून ठेवू नका, लॉक स्क्रीनवरच लावा; त्या वेळी पॅटर्न आठवत नाही.